पंचवीस मीटर

लिएक्साच्या जुन्या शाळेखाली
खडक फोडून केलेलं तळघर आहे,
बॉम्ब पडतील म्हणून बांधलेलं.
बॉम्ब पडले नाहीत. मग तिथे स्कीज आल्या, मोडकी बाकं आली,
आणि सप्टेंबरात आम्ही, बंदुका घेऊन.
दार वीतभर जाड लोखंडाचं.
राउनो ते पाठीने लोटतो आणि दर वर्षी म्हणतो,
"या आत, बाहेर फार शांत आहे."

पंचवीस मीटर. पुढे खडक.
एल्क उभं राहतं ते शंभरावर,
दलदलीच्या कडेला, अर्धं बर्चच्या आड.
एवढं अंतर या तळघरात मावत नाही,
म्हणून हिशेब:
दुर्बीण नळीच्या वर, नजर वरून जाते,
गोळी खालून निघते, चढत चढत
तिकडे लांब नजरेला गाठते.
तेव्हा इथे ती दोन सेंटीमीटर खालीच लागायला हवी.
इथे मधोमध लागली तर तिथे वर गेली.
वडिलांनी हे सांगितलं तेव्हा मी बारा वर्षांची होते.
मला वाटलं, यात काहीतरी मोठा अर्थ असणार.
अर्थ नाही.
दोन सेंटीमीटर आहेत.

वडील मागे खुर्चीत बसलेत, कानांवर लाल टोपणं,
मांडीवर थर्मास.
त्यांच्या नजरेचा मध्य गेलाय.
कडा दिसतात: दाराची चौकट, माझी कोपरं, दिव्याचं वलय.
ज्याच्याकडे बघावं तेवढंच नेमकं नाहीसं होतं.
गेल्या हिवाळ्यात म्हणाले, "तुइरे, बंदूक तू घे,"
जसं कुणी म्हणावं, मीठ दे.

वाळूच्या पिशवीवर नळी.
श्वास अर्धा सोडून थांबवला.
तीन गोळ्या.
तिन्ही उजवीकडे, वर, एका नाण्याखाली झाकाव्यात इतक्या जवळ.
राउनो दुर्बिणीतून बघतो, खूश होतो.
"विखुरल्या असत्या तर दोष तुझा.
घोळक्याने चुकल्यात, तर दोष स्क्रूचा."

पण दोष स्क्रूचाही नाही.
बंदूक बरोबरच आहे, त्यांच्या गालाला,
त्यांच्या खांद्याला, मान किंचित वाकडी करायच्या
त्यांच्या खोडीला.
चाळीस वर्षं नेमाने लावलेला नेम,
आणि मी तो नाण्याच्या कडेने फिरवते आहे.

एक टिचकी: इथे अडीच मिलिमीटर, तिथे एक सेंटीमीटर.
डावीकडे सात.
टिक. टिक. टिक.
"सहाच झाल्या," मागून आवाज.
टोपणं कधी काढली कोण जाणे.
मी म्हणते सात. ते म्हणतात सहा.
राउनो छताकडे बघतो.
झाडते.
एक टिचकी कमी.

खाली अकरा. या वेळी ते मोठ्याने मोजतात,
मी फक्त बोटं हलवते.

पुन्हा तीन. दारूचा वास, खडकातून परतणारा दणका,
मग पंख्याची घरघर.
राउनो कागद आणतो.
माझ्याकडे नाही, सरळ त्यांच्याकडे देतो.

ते कागद डोळ्यांजवळ नेत नाहीत.
मांडीवर पसरतात, थर्मास बाजूला,
काळ्या वर्तुळाच्या मध्यावर राउनो त्यांचं बोट टेकवतो,
मग ते अंगठा आडवा ठेवतात,
अंगठ्याच्या खालच्या कडेने चाचपत जातात.
भोकांच्या कडा कागदाबाहेर उलटलेल्या.
एक. दोन. तिसरं दुसऱ्यात मिसळलेलं,
तिथे बोट जरा थांबतं.

"अंगठाभर," म्हणतात.

मग मी टोपण सैल करते,
चकती उचलून शून्य रेषेवर आणून बसवते.
हे करताना आत काहीच हलत नाही,
फक्त आकडा बदलतो.
त्यांची जुनी खूण, पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका
(आईचं असावं, दुसऱ्या कुणाचं असणार),
आता खाली, बाजूला, कशाच्याच समोर नाही.

"कॉफी गार होतेय," ते म्हणतात,
आणि कप पुढे करतात,
मी आहे त्याच्या जरा डावीकडे.