क्यूच्या जागी बटण

मे महिन्यात भुसावळ भाजून निघायचं
तेव्हा फिरके मामा फरशीवर पाणी शिंपडून
भर दुपारी पट मांडायचे.
गार्डाच्या नोकरीतून घरी आलेल्या वस्तू तीनच:
हिरवी बत्ती, शिट्टी,
आणि बदली झालेल्या कुण्या साहेबाने जाता जाता दिलेली
ही इंग्रजी अक्षरांची पिशवी.
क्यू हरवला होता. त्याच्या जागी शर्टाचं बटण.

मामांना इंग्रजी येत नव्हतं.
शब्द येत होते.
जुन्या वहीत, तारखांच्या रकान्यांत,
बारीक अक्षरात लावून ठेवलेले:
झॅक्स. छपराच्या दगडी पाट्या तासायचं हत्यार.
आ-आ. थिजलेला, खरबरीत लाव्हा.
कूम. डोंगराच्या पोटातली दरी, अख्ख्या शब्दात एक स्वर नाही,
"पालच्या रस्त्याले लागते ना भो, तशी."

बंगलोरचे जावई आले तेव्हा
दोन दिवस मामा नुसतं यस, यस म्हणत होते.
तिसऱ्या दिवशी पट निघाला.
जावई ब्याण्णव गुणांनी हरले,
असा शब्दच नसतो म्हणाले.
मामांनी वही पुढे सरकवली
आणि पाणी प्यायला उठून गेले.

आमचं अख्खं गोत होतं त्या वहीत.
काका, न्यूझीलंडचा पोपट.
आबा, अरबांचा अंगरखा.
ताय, जपानकडचा मासा.
बाबा म्हणजे दारूत भिजवलेला केक
(आमचे बाबा सुपारीसुद्धा खात नसत).
आणि, हो, आणिसुद्धा,
कोकिळेच्या कुळातला काळा पक्षी.
आपल्याकडे जोडतो, तिकडे उडतो.

त्या दुपारी मामांनी ए आणि आय शेजारी ठेवले
आणि आत हाक दिली,
"शेवंते, इंग्रजीत आई म्हंजे जनावर व!
तीन बोटांचं. झाडाले उलटं टांगून घेतं
अन् दिवसभर झोपेल राह्यतं."

आत स्टोव्ह फरफरत होता.
माहेरी येऊन चार दिवस झाले होते तिला,
कळण्याच्या भाकरीवरचा हात न थांबवता ती म्हणाली,
"मंग मले धाडून दे तिथी."
मामा हसले. वहीत टिंब केलं. दोन गुण.

माझ्या पट्टीवर उरलं होतं काय, तर एम आणि वाय.
आई आमच्या पुस्तकात होती.
घरात तिला आम्ही वेगळंच काही म्हणायचो.
मी ए च्या वर एम ठेवला, खाली वाय,
बोटाने सरळ केले.

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"मे. चालू महिना. आठ गुण.
शिकला रे पोरगा."

मी मान हलवली.
मी महिना लिहिला नव्हता.