एच आणि पीच्या मधली जागा

बारा वर्षं ती एचमध्ये होती.
मॅरिट हाउगन. तीन अल्बम, आणि एक सात इंची तबकडी
जिचं कव्हर तिच्या भावाने बटाट्याच्या ठशांनी छापलं होतं.
डलूथमध्ये, तलावाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर,
माझ्या तळघरातल्या दुकानात
दिवे गेले तरी ती सापडायची:
जिन्याकडून दुसरा खोका, हीटरच्या अलीकडे.

मग फेब्रुवारीत चौथा अल्बम आला,
कण्यावर लिहिलेलं: मॅरिट पेल्कोनेन.
मला वाटलं, वितरकाची चूक.
मी फोनही केला.

लोकांनी नावं ठेवली. ठेवणारच.
हातातलं नाव गेलं की माणूस नावंच ठेवतो.
कुणी म्हणालं घटस्फोट, कुणी म्हणालं कर्ज,
कुणी म्हणालं, बापाशी बोलणं तुटलंय.
रेडिओवर तिला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली,
"आईचं आहे. नुसतंच पडून होतं."
आणि तार लावत बसली.

आडनाव.
म्हणजे नावाच्या आड उभं असलेलं कुणीतरी.
बहुधा पुरुष.
बहुधा आपल्याकडे पाठ करून.

पण मला खोके आवरायचे होते.
एका रविवारी दुकान बंद ठेवून
मी तिला उचलून नेलं, आठ खोके पलीकडे,
कुणालाच नको असलेल्या एका पोल्का बँडच्या शेजारी.
एचमधली तिची प्लास्टिकची पाटी मात्र राहू दिली.
तिच्यावर पेनाने लिहिलं: पी बघा.

तरी हात एचकडेच जायचे.
रात्रपाळी संपवून येणारी नर्स लोरेटा,
पियानो दुरुस्त करणारा तो तोतरा माणूस,
आणि डेल्बर्ट टुओमी, लोहखनिजाच्या बोटीवरचा स्वयंपाकी,
ज्याच्याकडे तिचं सगळं आहे
आणि तरी दर वर्षी बोटी सुटायच्या आधी
तो पहिला अल्बम पुन्हा विकत घेतो,
कुठल्यातरी बंदरावर कुणालातरी देऊन टाकायला.
त्याने पाटी वाचली. चष्मा पुसला. पुन्हा वाचली.
"बोटीचं नाव बदलू नये म्हणतात."
"ती बोट नाही," मी म्हणालो.
"नाही. ठाऊक आहे," म्हणाला,
आणि पीकडे गेला, जरा लंगडत, नेहमीसारखा.

पुढच्या जानेवारीत ती गावात वाजवायला आली,
खलाशांच्या युनियनच्या हॉलमध्ये.
बाहेर उणे पंचवीस, आत साठ माणसं,
ओल्या लोकरीचा वास, एक माईक खरखरणारा.
दुसऱ्या गाण्यानंतर शांतता पडली तशी
डेल्बर्ट ओरडला, बारा वर्षं ओरडत आलाय तसा:
"हाउगन!"

हॉल गोठला.
तिने मान वर केली, दाराकडे बघितलं.
"तोही आलाय का?"
लोक हसले, पण जरा उशिराने.
मग तिने तेच गाणं लावलं, बटाट्याच्या ठशांचं,
पूर्वीपेक्षा संथ, एक सूर खाली,
आणि कडव्यातली एक ओळ ती विसरली
तेव्हा साठ जणांनी ती हळूच तिच्यापुढे सरकवली,
पंक्तीत मीठ सरकवावं तशी.

नंतर टेबलापाशी डेल्बर्ट सगळ्यांत शेवटी उभा,
कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, घाम गळतोय,
कारण आत तो जुना टी-शर्ट, छातीवर जुनं नाव.
सही घ्यायला खिशात सापडली
माझ्याच दुकानाची पावती.
तिने लिहिलं, मॅरिट, एका फटक्यात.
मग पेन थांबलं.
मग पे, ल्को, ने, न,
शाळेतल्या पोरासारखं, एकेक अक्षर सुटं,
जीभ दातांत धरून.

तिच्याही हाताला अजून बसलं नव्हतं.

काल सतरा वर्षांची एक मुलगी आली,
सरळ पीकडे गेली, घेतलं, पैसे दिले, निघाली.
तिला एच माहीतच नाही. नसू दे.
डेल्बर्टची पावती माझ्याकडे आहे;
बोटीवर ओली होईल म्हणून ठेवून गेला.
मी ती एचमध्येच लावलीय,
पाटीच्या मागे.