वार

पहिलं नवव्या आठवड्यात गेलं,
दुसरं अकराव्या,
तिसरं पाचव्या महिन्यात.
त्याच्या डोहाळजेवणाचं हिरवं पातळ
फैजपूरहून आणूनसुद्धा झालं होतं.

सासू म्हणाली, कोनाची तरी नजर हाये.
मावशी म्हणाली, पपई खाल्ली असशीन.
मी खाल्ली नव्हती.
पण इतक्यांदा विचारलं
की जिभेवर चव येऊ लागली.

मग एका रात्रीत डाव्या पायाची पोटरी सुजली,
केळीच्या खोडासारखी टणक,
आणि भुसावळच्या नेहेते डॉक्टरीणबाईंनी
पोटाचं सोडून पोटरीचंच सगळं विचारलं.

रक्त जळगावला गेलं.
बारा आठवड्यांनी पुन्हा गेलं,
कारण हा दोष एकदाच सापडून खरा धरत नाहीत.
गंमत बघा, बाई म्हणाल्या,
काचेच्या नळीत तुमचं रक्त गोठायला उशीर लावतं,
अंगात मात्र घाई करतं.
रक्तातली तुमचीच राखण
तुमच्याच पेशींच्या कडेला परकं समजते,
आणि तिथे गुठळी धरते. वारेत धरली
तर बाळापर्यंत काही पोचत नाही.

मला उमजायच्या आत लीलाधर बोलला,
"म्हंजे ड्रीपर चोक."
बारा वर्षं तो लोकांच्या केळीत नळ्या धुतो,
बसलेला क्षार ॲसिडने सोडवतो.
मोटार चालू असते, मीटर फिरत असतं,
शेवटच्या ओळीतलं झाड मात्र तहानेनं जातं.
बोलला, आणि तिथेच बाकावर
तिघांसाठी पहिल्यांदा रडला.

आता रोज दोन सुया.
सकाळी बेंबीच्या डावीकडे, रात्री उजवीकडे.
नजमा तडवी सिस्टर आठवडाभर येऊन द्यायची,
मग म्हणाली, ताई, कातडी चिमटीत धर, श्वास सोड.
तेव्हापासून मीच करते वार,
वारेसाठी,
आणि दिनदर्शिकेत एकेक वार खोडते.

पोटावर डाग आहेत, जांभळे, हिरवे,
काही पिवळे पडत चाललेले.
सासू बघते. नजरेचं काही बोलत नाही.
जेवण झालं की ॲस्पिरिनची बारीक गोळी
वाटीत घालून पुढे सरकवते.

आज एकतिसावा आठवडा लागला.
पातळ ट्रंकेत आहे, घडी मोडलेली नाही.
लीलाधर रात्री पोटाला कान लावतो,
डागांना धक्का न लावता,
जसा बांधावर बसून
लांबच्या ओळीतला थेंब ऐकतो.