एक बोट

कोळेकल्याणच्या गल्लीत ट्रक शिरला तेव्हा
बस्त्याव मिस्त्री चहात पाव बुडवत होता.
वर न बघताच म्हणाला,
"खेळ किती?"
मी म्हणालो, चार बोटं.
स्टेअरिंग चार बोटं फिरेपर्यंत
पुढच्या चाकांना पत्ताच नसतो.
"माणसांपेक्षा बरं," म्हणत त्याने बशी पालथी घातली.

डॉज. लढाईतला. बाबांनी लिलावात उचललेला,
माहुलच्या चिखलातून होड्या ओढायला.
ओहोटीला चारही चाकं मिळून
एकच शिवी हासडायची
आणि होडी सुटायची.
आता होड्या कमी, चिखल तेवढाच,
आणि बाबांच्या सीटवर मी, पाठीला उशी लावून,
कारण माझे पाय आखूड.

बस्त्यावने आधी खालचा दांडा सोडवला.
"आता मोज."
डावीकडे शेवटपर्यंत. मग उजवीकडे
एक, दोन, तीन, चार, वर अर्धा.
तिथून मागे सव्वादोन.
"हा मध्य. आवळायचं ते इथेच.
कडेला नेऊन आवळशील
तर सरळ रस्त्यावर अडकेल."

चेकनट सैल केला.
मग पेचकसाने स्क्रू,
पाव आटा, त्याच्याही निम्मा,
आणि माझ्या हाताकडे बघत राहिला,
डॉक्टर जिभेकडे बघतो तसा.
"जड लागलं की सांग."
लागलं. मध्यावर किंचित,
दाराखाली वाळूचा कण यावा तेवढंच.
मी म्हणालो, अजून आवळा, सगळाच खेळ काढा.
"सगळा काढला तर खड्डा थेट मनगटात येतो.
एक बोट राहू दे.
ते माझं नाही, मुंबईचं."

मग तो थबकला.
मध्य सापडलेला, पण स्टेअरिंगचे आरे तिरके,
आणि सुतळी मात्र बरोबर माथ्यावर.
ती सुतळी. ग्रीसने काळी, दोन गाठींची.
मला वाटायचं नवसाची,
आई तर तिला हळदकुंकू लावायची.
"कसला नवस! कुणीतरी कधीतरी
स्टेअरिंग चुकीच्या दातावर बसवलं.
तुझ्या बापाने सरळ कुठे आहे
ते बांधून ठेवलं,
आणि चाळीस वर्षं वाकडं धरून
सरळ चालवला."

मी काहीच बोललो नाही.
त्याने पुलर लावून स्टेअरिंग उपसलं,
नीट दातावर बसवलं. आरे आडवे झाले.
सुतळी उजव्या खांद्यावर घसरली.
तो ब्लेड घेऊन आला.
राहू द्या, म्हणालो.
"राहू दे तर राहू दे,"
आणि ब्लेडने त्याने नखांतलं ग्रीस काढलं.

कुर्ला, अमर महाल, चेंबूर.
ट्रक आता पहिल्या हाकेला ओ देतो.
पण वाशी नाका ओलांडून
तेलाच्या टाक्यांचा वास सुरू झाला
की हात सवयीने सुतळी माथ्यावर आणतात
आणि डॉज हळूच डावीकडे,
चिखलाच्या दिशेला वळू लागतो.
मी परत आणतो.
पुन्हा आणतो.
एक बोट.