शटरचा बारावा हात

सरोवर अजून काठापर्यंत गोठलेलं.
पहाटे साडेपाचला शाळेची बस तापत असते
आणि मी आरशावरचा बर्फ
गेल्या मोसमाच्या पासने खरवडते
(त्याचा झालेला हा सगळ्यात चांगला उपयोग).
रेडिओच्या खरखरीतून कोणी सांगतं:
खाली फ्लोरिडात
आपले पिचर आज मैदानावर आले.

आले. एवढंच.
अजून कोणी चेंडू टाकलेला नाही,
आणि इथे पोर्ट हॅलर्डमध्ये
दोन-दोन हातमोज्यांच्या आत
माझी बोटं शिवशिवायला लागतात.

गेल्या वर्षी एकशेतीन सामने हरलो.
लपवत नाही.
त्यातला एक तर जिंकलेला होता:
नववी इनिंग, दोघे बाद,
शेंबड्या पोरानेही घ्यावा असा झेल,
आणि आमचे दोन गडी
"तू घे, नाही तू घे" करत थांबले,
पाहुण्यांनी ताटातल्या शेवटच्या तुकड्यापाशी थांबावं तसे.
चेंडू मधोमध पडला. हळूच. गवताला न दुखवता.

आमच्या संघाचं नाव हेरन्स. म्हणजे बगळे.
एका पायावर उभं राहून वाट बघणं
टोपीवरच शिवलेलं आहे,
तक्रार कुणाकडे करायची?

पण ऐका.
ऑल्सविकच्या कोपरात
त्याच्याच मनगटातली शीर बसवली आहे,
डॉक्टर म्हणतात, नव्यापेक्षा मजबूत.
कॅचर वीस पौंड उतरलाय.
(दर फेब्रुवारीत उतरतो, माहीत आहे मला.)
आणि तो येफ्री, एकोणीस वर्षांचा,
जो पहिल्या बेसकडे धावत नाही,
सांडल्यासारखा जातो.
नव्याचे नऊ दिवस, म्हणतात लोक.
मला नऊ इनिंग पुरे.

गेरिट व्हॅन्डरमोलन खाटकाशी माझी पैज आहे.
आपण चौथ्याच्या वर आलो तर तो मला
आख्खा धुरावलेला हॅम देणार.
नाही आलो तर मी त्याच्या दुकानाचं शटर रंगवणार.
अकरा वर्षं रंगवतेय.
निळा, विटकरी, पुन्हा निळा,
एकदा रागाने पिवळा.
थरावर थर चढून ते इतकं जाड झालंय
की आता पुरतं खाली येत नाही,
बोटभर फट राहते,
आणि रात्री तिच्यातून गेरिटचं मांजर ये-जा करतं.

काल सॉसेज घ्यायला गेले.
"लॉर्ना," तो म्हणाला, "यंदा कुठला रंग?"
"यंदा रंग नाही," मी म्हटलं. "सुरी पाजळून ठेव."
तो हसला. रांगेतली म्हातारी बीट्रिसही हसली,
जिने पंचावन्न वर्षं हेच ऐकलंय
आणि जिच्या कोटावर आजही
बगळ्याचा बिल्ला आहे, उलटा लागलेला.

सुटे नव्हते, म्हणून तो गल्ल्यामागे गेला
आणि मागचं दार थोडं उघडं राहिलं.
धुराच्या खोलीत, आकड्याला,
एक मांडी टांगलेली.
तिला सुतळीने बांधलेली चिठ्ठी.
माझं नाव. खाली साल. हेच साल.

फेब्रुवारीतच?
एकही चेंडू पडायच्या आधी?
हा माणूस, जो दर रविवारी मला
संघाचे आकडे तोंडावर फेकून मारतो!

मी काही बोलले नाही.
सुटे मोजून घेतले, तीन नाणी.
गेली अकरा वर्षं ते हॅम कोण खात आलं
हेही विचारलं नाही.

बाहेर बर्फ पुन्हा सुरू झालेला.
शटरला हात लावून बघितला, थंडगार,
पिवळ्याच्या पोपड्याखाली विटकरी,
विटकरीखाली निळा.
पहिल्या घरच्या सामन्याला सेहेचाळीस दिवस.
बसमध्ये मागच्या सीटखाली
रंगाचा अर्धा डबा होता, गेल्या सप्टेंबरचा.
तो बीट्रिसच्या नातवाला देऊन टाकला,
पक्ष्यांच्या घरट्यासाठी.

ब्रश मात्र ठेवलाय.
ब्रश चांगला आहे.