खांब क्रमांक सतरा

एकाच खांबाबद्दल दोन अर्ज,
एकाच मंगळवारी, आवक क्रमांकही शेजारशेजारचे.
पहिला: उजेड फार आहे, कमी करावा ही विनंती.
दुसरा: उजेड पुरत नाही, वाढवावा ही विनंती.
साहेब म्हणाले, एकातून एक वजा करा, फाइल बंद.
मीही हसले. मग कपाटातून लक्समीटर काढला
आणि रात्री साडेअकराला ऐरोलीत पोचले,
खाडीकडच्या शेवटच्या गल्लीत.

वायरमन भोईर शिडीच्या गाडीत पाय सोडून बसलेले.
मी वाकून खांबाच्या पायथ्याशी मीटर ठेवला: एकतीस.
दहा पावलांवर चौदा.
पीतमोहराखाली दोन.
दोन खांबांच्या मधोमध, जिथे कुणी जुना फ्रिज टाकून दिलाय,
शून्य पूर्णांक चार.
सरासरी नियमात बसते.
सरासरीतून कुणी घरी चालत जात नाही.

अकरा चाळीसला जिन्सी वर्गीस आली, दुसऱ्या अर्जाची,
दवाखान्यातली ड्यूटी संपवून,
मुठीत किल्ली, तिचे दात बोटांमधून बाहेर.
म्हणाली, मॅडम, या दिव्याखाली मी सगळ्यांना दिसते,
मला कुणी दिसत नाही.
इथून पाऊल बाहेर टाकलं की पुढे नुसतं डांबर ओतलेलं.
अर्जात तिने फक्त 'वाढवावा' लिहिलं होतं.
अर्जाला तेवढंच येतं.

पहिल्या अर्जाची खिडकी दुसऱ्या मजल्यावर.
सुमेधा सबनीस. पडद्यावर पडदा, त्यावर चादर, कडांना चिमटे,
तरी भिंतीवर सकाळ.
पिवळे दिवे होते तोवर बाबा झोपायचे, ती संध्याकाळी फोनवर म्हणाली,
हे पांढरे लागल्यापासून दोनला उठतात, दाढी करतात,
डबा मागतात,
कंपनीची बस येईल म्हणून गेटवर उभे राहतात.
कंपनी बंद पडून एकोणीस वर्षं झाली.
तिच्या जागी काचेची इमारत आहे. रात्रभर जागी.

आम्हाला शिकवताना रस्ता होता,
खांबाची उंची होती, दोन खांबांतलं अंतर होतं.
पापणी नव्हती.

भोईर वर गेले. मी खालून सांगत राहिले:
साठचा काढा, पस्तीसचा लावा, तो पिवळसर.
घरांच्या बाजूला पत्र्याची पट्टी.
मान खाली. अजून. अहो, एवढी नको.
पीतमोहराची एक फांदी
(उद्यान खात्याच्या नावाने एक शिवी घालून
भोईरांनी ती कापलीच).
फ्रिजपाशी एक बुटका दिवा, जास्तीचा,
मंजुरी नंतर बघू.

जिन्सी अजून घरी गेली नव्हती.
तिला म्हटलं, फ्रिजच्याही पलीकडे जा. आता?
चेहरा दिसतो, ती ओरडली.
कुणाचा?
तुमचा. फार दमलाय.

मीटर: सात. सहा. सहा. साडेतीन.
माझ्या नोकरीतले सर्वांत लहान आकडे,
पहिल्यांदाच वाटलं, पुरे.

दोन वाजता आम्ही दोर गुंडाळत होतो
तेव्हा गेट वाजलं.
सवय काय एका रात्रीत पत्र्याच्या पट्टीने थांबते?
बाबा, तुळतुळीत दाढी, कानामागे राहिलेला फेस,
हातात रिकामा डबा.
दिव्याकडे बघितलं, मग आभाळाकडे.
अजून उजाडलं नाही?
नाही, मी म्हटलं.
मग आज बस लवकर आली,
आणि सरळ शिडीच्या गाडीकडे चालू लागले.
मागून सुमेधा, एका पायात तिची चप्पल, एकात कुणाची तरी.

भोईरांनी काही विचारलं नाही.
सरकून जागा केली.
दिघ्यापर्यंत एक फेरी मारून आलो आम्ही, चौघं,
सगळ्या खांबांखालून, पांढऱ्या, पिवळ्या, बंद.
लॉगबुकात मी लिहिलं: चाचणी.