अकरा वाजता बारा

ब्रनोत अकरा वाजले की
टेकडीवरची घंटा बारा ठोके देते.
व्हीत नवा होता तेव्हा दर वेळी मनगट बघायचा.
आता ठोके मोजतही नाही, डबा काढतो.

मी एक ओळ घेऊन बसलेय सकाळपासून,
दूरच्या यंत्राशी जोडणारी ओळ.
ते यंत्र तरी कुठं खरं,
एका लोखंडी पेटीत नांदणारी वीस बिऱ्हाडं,
त्यातलं एक.
तिथवर जायला एकच बोळ,
बावीस नंबरच्या फाटकातून.

बोळाच्या टोकाला आजवर एक हमाल असायचा.
नेटकॅट त्याचं नाव.
इकडचं उचल, तिकडं टाक, एवढंच काम.
अडाणी, पण इमानी.
गावोगावी मात्र त्याच्या सवयी वेगळ्या:
एकाला निघायची खूण करावी लागते,
दुसऱ्याला ती खूणच कळत नाही,
तो दार उघडं धरून तसाच उभा,
रात्रभर.

मी नवा हमाल घडवलाय, घरचाच.
त्याला पत्ता सांगावा लागत नाही.
व्हीत म्हणतो, मग देऊन टाक सगळ्यांना.
कोण बघतंय?

त्रेबीचच्या दूध डेअरीतली ड्राहोमीरा बघत होती.
तीन हिवाळ्यांपूर्वी
मी असंच एक काही न लिहिलेलं
बदललं होतं. सुधारणाच होती ती.
रात्री दोन वाजता तिचा शीतगृहाशी धागा तुटला
आणि सकाळी दीड हजार लिटर दूध
गटारातून ओढ्याकडे गेलं, पांढरं, शांत.
फोनवर ती ओरडली नाही.
एवढंच विचारलं, आमचं काय चुकलं?

मी गेले होते तिकडे.
पडद्याच्या कडेला पिवळा कागद, चिकटपट्टीनं चार वेळा डकवलेला:
हात लावू नका. ओताकार.
ओताकार कोण?
होते एक. सगळं त्यांनीच बसवलं.
फुलं न्यायची असतील तर कबरस्तान
बसथांब्याच्या मागे आहे.

आता ओताकारला कसं कळवणार
की पर्याय वाढलेत?

मौन म्हणजे संमती, असं म्हणतात.
म्हणोत.
ज्यानं जागा रिकामी सोडली
त्यानं होकार दिला नव्हता,
तो फक्त झोपला होता, आमच्या भरवशावर.

म्हणून असं लिहिलं:
कुणी काहीच सांगितलं नसेल तर
आधी पलीकडे हळूच विचारायचं,
नवा आहे का तुमच्याकडे?
असला तर तो.
नसला तर जुना, आवाज न करता.
आणि ज्यानं स्वतःच्या हातानं
हमालाचं नाव-गाव लिहून ठेवलंय,
त्याला विचारायचंसुद्धा नाही.
त्याचा तो.

ओळी सगळ्या मिळून चाळीस.
त्या पर्यायाला नाव काय द्यायचं
यावर मात्र आख्खा मंगळवार गेला.
व्हीत वैतागला. एका शब्दासाठी?
म्हटलं, बाबा, ओळी उद्या खोडता येतील.
शब्द एकदा बाहेर पडला
की कुठल्यातरी त्रेबीचमधे, पिवळ्या कागदाखाली
तो आपल्यापेक्षा जास्त जगतो.

घंटेची गोष्ट त्याला मीच सांगितली होती.
वेढा पडला होता. सेनापती म्हणाला म्हणे,
बारापर्यंत शहर पडलं नाही तर मी निघालो.
घंटेकऱ्यानं अकरालाच बारा वाजवले,
आणि बारा वाजले ते वेढ्याचे.

सेनापती गेला त्याला पावणेचारशेच्या वर वर्षं झाली.
घंटा दुरुस्त करा असं कुणी म्हणत नाही.
म्हटलं असतं तर
या गावातली किती माणसं
तासभर उपाशी राहिली असती.

ठोके सुरू झालेत.
व्हीतनं डबा उघडलाय, लोणच्याची काकडी, राय पाव.
चाचण्या अजून चालल्यात.
एकशेबारा हिरव्या, एक लाल.
ती लाल कुणाची आहे
ते बघितल्याशिवाय मी जेवायला उठणार नाही.